झोपेवर अनुदान

रामटेके बाई घड्याळ उलटं बांधायच्या, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नाडी धरता धरता वेळ बघायची सवय, ती निवृत्त झाल्यावरही गेली नाही. कुणाशी बोलायचं म्हटलं की आधी त्याचा हात हातात घ्यायच्या. समोरच्याला वाटायचं, काय मायाळू बाई आहे! मायाळू होत्याच हो, पण तेवढ्यात नाडीही बघून झालेली असायची. पहिल्याच दिवशी माझाही हात धरला आणि म्हणाल्या, "हिशोबभाऊ, तुमी धावत आले का कोनाशी भांडून आले?"

मी भांडूनच आलो होतो. गोंदिया पॅसेंजरमध्ये, खिडकीच्या जागेवरून.

मी बल्लारपूरचा. मूल गावाच्या पुढे, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं धानाचं गोदाम होतं. एका लहानशा संस्थेनं ते घेऊन तिथं दिवसभराचं केंद्र काढलं होतं. ज्यांचं मन आजारी आहे अशी आजूबाजूच्या गावांतली माणसं सकाळी यायची, संध्याकाळी घरी जायची. मधल्या वेळात औषध, काम, गप्पा आणि जेवण. डॉक्टर आठवड्यातून एकदा चंद्रपूरहून यायचे. बाकीचे दिवस सगळे बाईंचे. केंद्र चालायचं शासनाच्या अनुदानावर, आणि ते अनुदान कागदोपत्री नीट बसवायला मला नेमलं होतं. बाईंनी मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मी हिशोबभाऊ, तो शेवटपर्यंत हिशोबभाऊच.

कागदावर येणाऱ्या माणसांना 'लाभार्थी' म्हणायचं. बाई 'पाव्हने' म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, पाहुणा म्हटलं तर खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवू? तर म्हणाल्या, "तुमी लाभार्थी लिवा, मी पाव्हने म्हनतो. कागदाले ऐकू येत नाई."

आलेल्या पाहुण्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. काय होतंय, कधीपासून होतंय, हे नंतर. आधी, "जेवला का बाप्पा?" कुणी ओरडत यायचं, कुणी भिंतीकडे तोंड करून बसायचं, एकजण तर आल्या आल्या दारातच आडवा झाला. बाई त्याच्या उशाशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "पहिले जेवून घे. मंग कराचा तो येडेपना कर, मी काई म्हनत नाई." तो उठला आणि जेवला. लाखोळीची डाळ होती आणि वर भरपूर सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी दचकू नये.

आणि शासनाला त्या म्हणायच्या मामा. "सरकार म्हंजे आपला मामा व्हय," त्यांचं तत्त्वज्ञान असं. "लगन लागून जाते, पंगत उठून जाते, तवा येते. पन आहेर घेऊन येते. मामाले शिव्या नाई द्याच्या." मी द्यायचो. पगार महिनोन्‌महिने अडकल्यावर कोण देणार नाही? मार्च उजाडला की केंद्रातले पाहुणेसुद्धा मला विचारायचे, "हिशोबभाऊ, मामा आला का जी?" आणि मी वैतागून म्हणायचो, "गाडी चुकली त्याची."

त्या पाहुण्यांत एक सुधाकर होता. पेंटर. मोहर्लीला सफारीच्या लोकांसाठी जी हॉटेलं उभी राहिली त्यांच्या भिंतींवर, फाटकांवर वाघ काढायचा. हात असा की वाघाच्या मिशीला वारा लागतोय असं वाटावं. मग त्यानं काढलेले वाघ त्याच्याशी बोलायला लागले. सुरुवातीला थोडं, नंतर दिवसभर. घरचे घाबरले. घरचे वाईट नव्हते, पण घाबरलेला माणूस काय करील सांगता येत नाही. त्यांनी त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडून ठेवायला सुरुवात केली. बाईंनी त्याला तिथून कसा आणला, किती वेळा त्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या, ती एक वेगळीच कथा आहे. आता तो रोज यायचा, औषध घ्यायचा, भाजी चिरायचा. वाघ अधूनमधून बोलायचे, पण हळू. पण त्याच्या थोरल्या भावानं एक अट घातली होती. केंद्र सुरू आहे तोवर ठीक. ज्या दिवशी केंद्र बंद पडेल त्या दिवशी खोलीला पुन्हा कुलूप. भाऊ हे रागानं बोलला नव्हता. दिवसभर मजुरीवर जाणारी माणसं, घरी याच्याकडे बघणार कोण?

म्हणजे अनुदान गेलं की सुधाकर गेला, इतका साधा हिशेब होता. बाईंना तो माझ्यापेक्षा चांगला येत होता.

आता बोर्डाची गोष्ट सांगतो.

केंद्राला मंजुरी मिळाली तेव्हा एक टिनाचा बोर्डही आला होता. 'मनोरुग्णांसाठी दिवसकालीन उपचार व पुनर्वसन केंद्र', आणि खाली बारीक 'शासन अनुदानित'. फाटकावर लावला होता. एके दिवशी बाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. रस्त्यापलीकडे चिंचेखाली बस थांबली आणि एक बाई उतरली, सोबत तरुण मुलगी, डोक्यावरून ओढणी घेतलेली. दोघी रस्ता ओलांडायला निघाल्या. आईनं मान वर करून बोर्ड वाचला, एकेक अक्षर लावत. मग मुलीच्या दंडाला धरलं आणि दोघी परत चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या. बाई सूप टाकून धावल्या, तर समोरून दुसरी बस आली आणि त्या चढून निघून गेल्या.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी त्यांना न जेवलेलं तेवढं एकदाच पाहिलं, म्हणजे तोवर तरी. संध्याकाळी त्यांनी सुधाकरला स्टुलावर चढवून बोर्ड काढायला लावला आणि आत, चुलीच्या वरच्या भिंतीवर टांगला. "आपल्याले मालूम हाय आपन कोन व्हय ते," म्हणाल्या. "रस्त्याले काऊन सांगाचं?"

मी म्हटलं, बाई, नियम आहे, फलक दर्शनी भागात पाहिजे. तर चुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मले तर इथी दिवसभर दर्शन होते त्याचं."

व्हायचं तेच झालं. तपासणीला साहेब आले. नवीनच बदली होऊन आलेले, शुद्ध भाषेत बोलणारे, स्वभावानं सज्जन, पण नियमाचे पक्के. सगळं पाहिलं, जेवण चाखलं, चांगलं म्हणाले, आणि काही दिवसांनी त्रुटीचं पत्र आलं. दर्शनी भागात फलक नाही. फलकावर 'शासन अनुदानित' ही अक्षरं ठळक व दुरून वाचता येतील अशी नाहीत. त्रुटीची पूर्तता होईपर्यंत पुढचा हप्ता रोखण्यात येत आहे. मी डोक्याला हात लावला. बाईंना म्हटलं, आता हट्ट सोडा, बोर्ड लावा. नाहीतर मामा यायचा नाही, आणि सुधाकरचा भाऊ कुलूप हातात घेऊन बसलाच आहे.

बाईंनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "यात मोठं काय लिवाचं ते लिवलं हाय. बारीक काय लिवाचं ते कुठी लिवलं हाय?"

"तसं काही नाही."

"मंग झालं तर!"

दुसऱ्या दिवशी सुधाकर रंग घेऊन बसला. बाई शेजारी वेताच्या मोढ्यावर. मी आत कागद बघत होतो आणि बाहेरून त्यांचा वाद ऐकू येत होता. सुधाकरचं म्हणणं, कोपऱ्यात एक लहानसा वाघ काढतो. बाईंचं म्हणणं, वाघ काढशील तर लोक तिकीट मागतील. शेवटी बोर्ड फाटकावर चढला, आणि मी बाहेर येऊन पाहतो तर काय! हिरव्या जमिनीवर पिवळीधम्मक, हातभर उंच अक्षरं: शासन अनुदानित. बस एवढंच. बाकीचं नाव? होतं की. खाली, अगदी कडेला, मुंग्यांची रांग जावी तसं. त्यातही 'मनोरुग्ण' वाचायचं तर फाटकाला नाक लावावं लागायचं.

"बाई," मी म्हटलं, "हे काय?"

"नेम पाळला नं आपन?" बाई म्हणाल्या आणि इतक्या निरागसपणे हसल्या की मला राग यायच्या ऐवजी हसू आलं.

आता पुढं जे झालं ते बाईंच्याही ध्यानीमनी नव्हतं. आमच्या धानपट्ट्यात अनुदान हा शब्द कुठं ऐकू येतो? बियाण्यावर अनुदान, मोटारपंपावर अनुदान, फवारणीच्या यंत्रावर अनुदान. आणि इथं तर गोदामाच्याच फाटकावर हातभर अक्षरांत लिहिलेलं! आठवडा नाही झाला तोवर लोक यायला लागले. कुणी सातबारा घेऊन, कुणी रिकामं पोतं घेऊन. एकानं तर सरळ आत येऊन चुलीजवळच्या तांदळाच्या पोत्याला हात घातला आणि दाणे तळहातावर घेऊन विचारलं, "हे कोनतं वाण हाय जी?"

माझं डोकं फिरायचं. मी एकेकाला समजावून परत पाठवत होतो. बाईंनी मला थांबवलं. "आलेल्याले उभ्या उभ्या लावून देता का? बसू द्या." आणि मग हात हातात, नाडी, "जेवला का बाप्पा?"

असेच भोयरभाऊ आले. जंगलाच्या कडेच्या गावचे शेतकरी, मोटारसायकलवर पोतं बांधलेलं. "कशावर अनुदान हाय जी इथी?" त्यांनी विचारलं. बाईंनी बसवलं, जेवलात का विचारलं. भोयरभाऊ नुसते हसले. "घरी सैपाकाचं काई खरं नाई आजकाल. बायको चुलीपाशी बसतच नाई. दाराकडं पाठ होते म्हनते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची बायको कुसुम आणि कुसुमची जाऊ, दोघी तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. वाघानं जावेला नेलं. कुसुमच्या डोळ्यांसमोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळून. तेव्हापासून कुसुम झोपली नव्हती. रात्रभर दाराकडे तोंड करून बसायची, डोळा लागला की किंचाळून उठायची. देवऋषी झाला, अंगारे झाले.

"वनखात्यानं मदत देली जी भावाले," भोयरभाऊ म्हणाले. "त्याची बायको गेली, देलीच पायजे. पन मेलेल्याची मदत भेटते. पाहनाऱ्याले काय भेटते?"

बाईंनी त्यांचा हात सोडला नव्हता. म्हणाल्या, "पाहनाऱ्याले इथी भेटते."

"काय भेटते?"

"तुमी इचारलं नं कशावर अनुदान हाय? झोपेवर हाय. आना उद्या त्याहिले."

भोयरभाऊंना यातलं किती कळलं देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी बायकोला मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. आणि गावी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल ते असो, त्यानंतर लोक येऊन सरळ विचारायला लागले, "ते झोपेचं अनुदान इथीच भेटते का जी?" एक म्हातारा आला, मुलगा गेल्यापासून न झोपलेला. एक बाळंतीण आली, तिची सासू घेऊन आली. ज्या माणसांनी 'मनोरुग्ण' वाचून चिंचेखालूनच बस पकडली असती, ती पोतं घेऊन आत आली. त्यांतले बरेच थांबले.

कुसुम पहिले काही दिवस नुसती उभी राहायची. बाईंनी तिच्यासाठी भिंतीला लागून जागा केली, पाठीशी भिंत आणि समोर दार. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. बाई तिच्याशी वाघाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसतं निवडायच्या तांदळाचं सूप समोर ठेवायच्या. सुधाकरनं आपण होऊन सांगितलं, "बाई, मी पेंटर व्हय हे तिले सांगू नोका. कशाचा पेंटर म्हनून इचारंन." मला वाटतं, त्या दिवसापासून मी सुधाकरला आजारी समजणं सोडलं.

आणि एके दिवशी सकाळी, तांदूळ निवडता निवडता, कुसुमची मान भिंतीला टेकली. हात सुपात तसाच. डोळे मिटलेले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बाईंच्या आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळं गोदाम चिडीचूप झालं. सुधाकरनं विळीवरचा हात थांबवला. कुणीतरी नळ बंद केला. भांडं वाजेल म्हणून स्वैपाक अर्ध्यावर थांबला. जेवणाची वेळ झाली आणि टळली. जेवण वेळेवर म्हणजे वेळेवर, असा ज्यांचा दंडक, त्या बाई उलट्या घड्याळाकडे बघत हसत बसल्या होत्या. पोटात कावळे ओरडत होते, पण ओरडायची कावळ्यांनाही परवानगी नव्हती.

नेमकी तेव्हाच फाटकाशी जीप थांबली. साहेब, पूर्ततेच्या तपासणीला!

बाई अनवाणी पळत गेल्या आणि फाटकातच साहेबांसमोर ओठांवर बोट धरलं. साहेब गोंधळले. बाईंनी खुणेनं सांगितलं, बूट काढा. बिचाऱ्यांनी काढले. मी मागून येत होतो, माझी तर पाचावर धारण बसली होती. साहेबांनी बोर्डाकडे बघितलं. हातभर अक्षरं बघितली. मग जवळ जाऊन, डोळे बारीक करून, खालची मुंग्यांची रांग वाचली.

"बाई," ते रागावले होते, पण रागावले कुजबुजत, "ही दिशाभूल आहे. लोक काय समजतील?"

"समजतात नं साहेब," बाई तशाच कुजबुजल्या. "बियान्याचं अनुदान समजून येतात."

"मग चुकीच्या ठिकाणी येतात ना ते!"

"रस्ता चुकून येतात. पन जागेवर येतात."

साहेब आत आले, मोजे घातलेल्या पायांनी, चोरासारखे. सगळे पाहुणे भिंतीला टेकून गप्प बसलेले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आज लाभार्थींचं काहीच काम सुरू नाही? अनुदान खर्च कशावर होतंय?"

बाईंनी साहेबांची बाही हलकेच ओढली आणि भिंतीकडे बोट केलं. कुसुमचं तोंड जरा उघडं होतं, कपाळावर माशी बसलेली, आणि सुधाकर वर्तमानपत्रानं आवाज न करता ती हाकलत होता.

"ते पाहा साहेब," बाई म्हणाल्या. "तिथी खर्च होऊन राह्यलं."

मग त्यांनी साहेबांच्या कानात थोडक्यात सगळं सांगितलं. तेंदूपत्ता, जाऊ, दार. साहेब ऐकत उभे राहिले. नंतर खुर्चीही न ओढता खाली जमिनीवर बसले आणि बराच वेळ कुसुमकडे बघत राहिले. जाताना फाटकाबाहेर जाऊन बूट घातले, आणि मला म्हणाले, "खालची अक्षरं थोडी मोठी करा. अगदी थोडी." हप्ता आला. अर्थातच उशिरा आला, मामाच तो. अक्षरं सुधाकरनं मोठी केली, म्हणजे मुंग्यांचे मुंगळे केले.

बाईंच्या घरचं मला फारसं ठाऊक नव्हतं. त्यांच्या यजमानांना, रामटेके काकांना, मात्र रोज बघायचो. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. सकाळी बाईंना स्कूटरवर आणून सोडायचे, संध्याकाळी न्यायला यायचे. पण आत कधी यायचे नाहीत. रस्त्यापलीकडे चिंचेखाली स्कूटर लावून उभे. मी हाका मारायचो, काका, या की चहाला. ते हात हलवून म्हणायचे, "माझं काय काम तिथी? मले तर मस्त झोप येते." आणि बाई लाजल्यासारख्या पदर सावरत निघायच्या. त्या वयात!

काका आजारी पडले तेव्हा बाईंनी केंद्र सोडलं. वर्षभर त्यांची सेवा केली. काका गेले. आम्ही सगळे विहारात जाऊन वंदनेला बसून आलो. बाई सगळ्यांशी नीट बोलल्या, सगळ्यांचे हात धरले. मला वाटलं, बाई आहेत, सावरतील. दुसऱ्याला सावरणाऱ्या माणसाबद्दल आपण असंच समजून चालतो. मग फोन केला की मुलगा उचलायचा. आई पडलीय, आईला बरं नाही, आई नंतर करील. मुलानं एकदा हळूच सांगितलं की आई जेवत नाही. एकदा भेटायला गेलो तर दाराआडूनच म्हणाल्या, "हिशोबभाऊ, नंतर या जी." सुधाकर दोनदा जाऊन आला, त्यालाही तेच सांगितलं.

आणि मग परवा परवाचीच गोष्ट. दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. कुसुम आता केंद्रातच स्वैपाकाला असते, दाराकडे पाठ करून बिनधास्त भात रांधते. मी खिडकीपाशी कागद घेऊन बसलो होतो. सहज बाहेर पाहिलं तर चिंचेखाली बाई उभ्या.

एकट्याच. बसनं आल्या असाव्यात. वाळल्या होत्या, ओळखू येणार नाही इतक्या. डाव्या मनगटावर घड्याळ नव्हतं. त्या बोर्डाकडे बघत होत्या, वाचत होत्या, एकेक अक्षर लावत. आपणच लिहून घेतलेला बोर्ड! एक पाऊल रस्त्यावर टाकलं आणि मागे घेतलं. मला त्या मायलेकी आठवल्या. गडचिरोलीकडून बस येताना दिसत होती. मी उठलो, पण माझ्याआधी सुधाकर फाटकाबाहेर गेला होता. हातात अजून कांद्याची सुरी. ती त्यानं बाहेर गेल्यावर फाटकाशेजारच्या भिंतीवर ठेवली.

बस आली, थांबली, आणि गेली. बाई तिथंच होत्या. सुधाकर रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी फाटकाशी उभा होतो. मग बाईंनी मान वर केली. आवाज बसलेला होता, पण त्यात जुनी थट्टा थोडीशी होती.

"कशावर अनुदान हाय जी इथी?"

सुधाकरनं त्यांचा हात हातात घेतला, मनगटाशी, त्या घ्यायच्या तसाच.

"झोपेवर हाय, बाई," तो म्हणाला. "पन पहिले जेवून घ्या लागते."

दोघं रस्ता ओलांडून आली. बाईंनी फाटकाशी चपला काढल्या, आमच्या चपलांच्या रांगेत ठेवल्या आणि आत आल्या.